श्रमदान कोणाचे, पाणी कोणाचे?

'लोकसहभाग' हा शब्द मराठीत नेमका कधी रुळला हे सांगणे अवघड आहे. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याने एक वेगळेच काम पत्करले आहे. तो उच्चारला की पुढचे प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते. धरणाविषयी वाद घालता येतो, उसाविषयी घालता येतो, कारखान्याविषयी तर घालायलाच हवा असे आपण मानतो. परंतु डोंगरउतारावर टिकाव-घमेली घेऊन उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांचे छायाचित्र समोर आले की आपली टीकाबुद्धी हात जोडून बाजूला उभी राहते. इतके निर्मळ, इतके निःस्वार्थ दृश्य! त्यावर काय बोलायचे?

मला त्यावरच बोलायचे आहे. डोंगराचे पाणलोट सावरण्याच्या कामाला माझा विरोध नाही. ते काम मी आपल्या काळातल्या सर्वांत निकडीच्या कामांपैकी एक समजतो. आणि म्हणूनच ते ज्या भाषेत सांगितले जाते त्या भाषेविषयी मला तक्रार करायची आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात पुण्याहून निघालेल्या एका गटाबरोबर मी श्रमदानाला गेलो होतो. सकाळी सहाला डोंगराच्या सोंडेवर सलग समतल चर खणायला सुरुवात झाली. तासाभरातच आम्हा शहरी मंडळींच्या तळहातांना फोड आले आणि त्या फोडांचा आम्हाला अभिमानही वाटू लागला. दहाच्या सुमारास एक म्हातारे धनगर बाबा शेळ्या घेऊन वरच्या अंगाला येऊन थांबले. बराच वेळ ते बघत होते. मी पाणी प्यायला त्यांच्याजवळ गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "साहेब, चर बरा हाय. पानी मुरंल. पर कुनाच्या हिरीत?" मी खाली बोट दाखवले, पायथ्याशी डाळिंबाची बाग होती. बाबा म्हणाले, "ते ठावं हाय मला. मग आता शेरडं कुठं न्यायची, ते बी सांगून ठिवा." माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी पायथ्याच्या शाळेत समारोप झाला, भाषणे झाली, 'संपूर्ण गाव एकदिलाने उभे राहिले' असे सांगितले गेले. बाबा तिथे नव्हते. गावाच्या व्याख्येतही ते नव्हते.

या लेखातले सगळे म्हणणे त्या दोन प्रश्नांमधून आले आहे.

*

डोंगरावरच्या पाण्याचे गणित मुळात अन्यायाचे आहे, आणि हा अन्याय कोणी दुष्टपणाने केलेला नाही. तो गुरुत्वाकर्षणाने केलेला आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्ट खडकाने व्यापलेला. हा खडक मुळात कठीण. पाणी धरून ठेवण्याची त्याची शक्ती वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकातल्या भेगा-सांध्यांत असते. उतारावर झाड-गवत नसले की पाऊस माती घेऊन धावत सुटतो, नाल्यांत गाळ होतो, विहिरी जानेवारीतच तळ दाखवतात. म्हणून पाणलोट विकासाचे शास्त्र सांगते: माथ्यापासून सुरुवात करा. वर चर खणा, घळींत अनगड दगडांचे बांध घाला, गवत वाढू द्या, झाडोरा टिकू द्या. मग मधल्या टप्प्यावर बांधबंदिस्ती. सर्वांत शेवटी, तळाशी, मातीचे आणि सिमेंटचे बंधारे. 'माथा ते पायथा' हे या शास्त्राचे ब्रीद आहे आणि ते पूर्णपणे बरोबर आहे.

पण या ब्रीदाची दुसरी बाजू कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. माथ्यावर केलेल्या कामाचे पाणी पायथ्याला उतरते. चर वर, विहीर खाली. चराईबंदी वर, बागायत खाली. कुऱ्हाडबंदी वर, मोटारपंप खाली. आणि माथ्यावर कोण राहते, पायथ्याला कोणाची जमीन असते, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. वर ठाकर, महादेव कोळी, कातकरी, धनगर. वरकस जमिनीचा तुकडा असलेला किंवा तोही नसलेला कुणबी. खाली काळी जमीन, विहीर, बोअर, आणि ज्यांच्या घरात सोसायटीचा चेअरमन निपजतो अशी घराणी. म्हणजे पाणलोट विकासाचे काम, काहीही न करता नुसते 'शास्त्रशुद्ध' केले, तर ते गरिबाच्या त्यागातून सधनाच्या विहिरीत पाणी नेणारी यंत्रणा ठरते. जितके काम चांगले, तितकी ही यंत्रणा कार्यक्षम.

हे थांबवायचे तर शास्त्राच्या जोडीला करार लागतो. वरच्याने काय सोडायचे आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळायचे, याचा लेखी, आगाऊ, मोडता न येणारा करार. आपल्याकडे कराराच्या जागी आपण एक नैतिक शब्द ठेवला: श्रमदान.

दान हा शब्द बघा. दान देणाऱ्याला परतफेड मागता येत नाही. मागितली तर ते दान राहत नाही. ज्याच्याकडे आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याला द्यावे, असा दानाचा मूळ रिवाज. इथे मात्र ज्याच्याकडे श्रमांखेरीज काहीच नाही त्याने ते श्रम, ज्याच्याकडे जमीन आणि विहीर आहे त्याला, दान करायचे आहेत. पूर्वीच्या काळी या व्यवहाराला वेठ म्हणत. वेठीला बोलावणारा निदान ते दान असल्याचे सांगत नसे.

*

मराठीत हा विचार नवा नाही, आणि तो परदेशी निधीबरोबर आलेलाही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालण्याची सूचना आहे. डोंगरावरून वाहून जाणारे सत्त्व शेतातच थांबावे, पाणी नदीला मिळण्याआधी जमिनीत मुरावे, ही आज आपण ज्याला पाणलोट विकास म्हणतो तीच कल्पना. पण फुल्यांचा पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. हे बंधारे घालायचे कोणी? त्यांनी त्यासाठी शेतकऱ्याकडून फुकटचे श्रम मागितले नाहीत. सरकारने पोसलेल्या, रिकाम्या असलेल्या पलटणींतल्या आणि पोलिसांतल्या लोकांकडून ते काम करून घ्यावे, असे ते सुचवतात. कारण फुल्यांना ठाऊक होते की शेतकरी आधीच कर, सारा आणि फंड यांच्या रूपाने भरपूर 'सहभाग' देत होता.

त्याच पुस्तकात ते वनखात्यावर तुटून पडतात. डोंगर-दऱ्या, गायराने सरकारने ताब्यात घेतल्यामुळे गोरगरिबाच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची फिर्याद. म्हणजे एकाच पुस्तकात बंधारा आणि चराईचा हक्क शेजारी शेजारी आहेत. पुढच्या शंभर वर्षांत आपण यांतला बंधारा उचलला आणि चराईचा हक्क तिथेच ठेवून दिला. एवढेच नव्हे, तर चराईबंदी हीच सद्गुणांच्या यादीत नेऊन बसवली. शेळी ही डोंगराची शत्रू, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले की शेळीमागे एक माणूस उभा असतो हे विसरले गेले.

फुल्यांच्या सूचनेला थोडे जवळ गेलेली एकच योजना महाराष्ट्राने केली. १९७२च्या दुष्काळाच्या अनुभवातून वाढलेली, वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेली रोजगार हमी. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. तिच्यात भ्रष्टाचार झाला, खडीचे ढीग झाले, हे सगळे खरे. पण तिच्या मुळाशी असलेले तत्त्व उमदे होते: मृदसंधारणाचे काम हे काम आहे, आणि कामाला दाम मागणे हा हक्क आहे. हमीकडून श्रमदानाकडे झालेला आपला प्रवास प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. मला तो हक्काकडून भूतदयेकडे झालेला प्रवास वाटतो. फरक इतकाच की इथे दया गरिबाने करायची आहे.

*

या ठिकाणी साहित्याचा संबंध येतो. 'आदर्श गाव' हा आता मराठीतला एक रूढ कथाप्रकार झाला आहे. त्याचा साचा सर्वांना पाठ आहे. आरंभी ओसाड माळ, दारूच्या भट्ट्या, टँकरची वाट पाहणारे हंडे. मग एक तरुण परततो. कधी लष्करातून, कधी कॉलेजातून. देवळाचा जीर्णोद्धार किंवा शाळेची डागडुजी यापासून सुरुवात. मग श्रमदान, मग हिरवळ, मग दुधाच्या लिटरांचे आकडे आणि शेवटी भेट देणाऱ्या पाहुण्यांची नोंदवही. या कथेत नायक आहे, नायकाचे कष्ट आहेत, निसर्ग आहे. नाही तो फक्त संघर्ष. म्हणजे असतो, पण तो आळस आणि व्यसन यांच्याशी असतो. गावातल्या दोन माणसांच्या हितसंबंधांत विरोध असू शकतो, एकाच्या विहिरीचे पाणी दुसऱ्याच्या कुरणातून आलेले असू शकते, ही शक्यता या कथाप्रकारात बसत नाही. ज्या कादंबरीत सगळी पात्रे शेवटी एकमताची होतात तिला आपण एरवी सामान्य कादंबरी म्हणतो. गावाबद्दल लिहिताना मात्र तिलाच सत्य मानतो.

राळेगण सिद्धी किंवा हिवरे बाजारच्या माणसांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. दोन्ही गावे कमी पावसाच्या नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर), आणि तिथे जे झाले ते खरेच झाले. माझा आक्षेप आपल्या वाचनावर आहे. हिवरे बाजारचे उदाहरण घेऊ. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात या गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, हे सर्वजण सांगतात. पण गाव टिकले ते एवढ्यावर नव्हे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, आणि दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा व त्यानुसार पिके ठरवायची, हे नियम तिथे केले गेले आणि पाळलेही गेले. म्हणजे साठवण्याइतकेच उपशाचे नियमन. सगळ्या महाराष्ट्राने हिवरे बाजारला जाऊन चर पाहिले. उसावरची बंदी पाहून परत येणारे फार थोडे. चर खणणे फोटोत दिसते. न खणलेली बोअर फोटोत दिसत नाही.

*

करार म्हणजे काय, हे दाखवणारी दोन उदाहरणे देशात होऊन गेली आहेत. आपल्या सार्वजनिक स्मरणात ती अंधूक होत चालली आहेत, यालाही कारण आहे.

पहिले आपल्या शेजारचे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने १९७२च्या दुष्काळानंतर देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड डोंगरजमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथे पाणलोटाचे काम करून दाखवले. पण साळुंख्यांचे मोठेपण त्या हिरव्या चाळीस एकरांत नाही. त्यांनी त्यातून 'पाणी पंचायत' उभी केली आणि तिचे नियम लिहिले. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस वर्ज्य. लाभधारकाने खर्चाचा पाचवा हिस्सा स्वतः उचलायचा. या पाच वाक्यांत जितके राजकारण आहे तितके आपल्या साऱ्या ग्रामविकासाच्या वाङ्मयात नाही.

दुसरे उदाहरण शिवालिक टेकड्यांतले. चंदीगड शहरासाठी १९५८ साली बांधलेला सुखना तलाव दीड-दोन दशकांतच गाळाने भरत चालला. गाळाचा माग काढत मृदसंधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा वरच्या टेकड्यांत पोचले आणि सुखोमाजरी नावाच्या छोट्या पशुपालक खेड्यापाशी थांबले. उतार बोडके होते, कारण तिथे गावाची गुरे-शेळ्या चरत होत्या. आणि चरत होत्या, कारण गावाला दुसरे साधन नव्हते. १९७६ साली तिथे पहिला मातीचा बांध घातला गेला. बांधाचे पाणी शेताला मिळू लागले आणि लगेच तो प्रश्न उभा राहिला, जो माझ्या म्हाताऱ्या बाबांनी विचारला होता: ज्याची जमीन पाण्याखाली येत नाही त्याने डोंगर का राखायचा? या प्रश्नाला तिथे श्रमदानाने किंवा भाषणाने उत्तर दिले गेले नाही. प्रत्येक घराला, जमीन असो वा नसो, पाण्यात समान वाटा देण्यात आला; ज्याला शेत नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकावा. शिवाय टेकडीवरच्या भाबर गवताचा ठेका, जो पूर्वी बाहेरच्यांकडे जाई, तो गावाच्या संस्थेला मिळाला. मग काय झाले? कुंपण न घालता, पहारा न बसवता लोकांनी डोंगर राखला. शेळ्या घटल्या, गोठ्यात म्हशी आल्या, आणि शहराच्या तलावात येणारा त्या बाजूचा गाळ मोठ्या प्रमाणात घटला.

क्रम लक्षात घ्यावा. आधी हक्क, मग राखण. 'सहभाग' हा शब्द तिथे नंतर आला. तो हक्काचा परिणाम म्हणून आला.

ही दोन्ही उदाहरणे पुढे मंदावली, हे मी लपवणार नाही. साळुंखे २००२ साली गेले. पाणी पंचायतीच्या अनेक योजना काळाच्या ओघात बंद पडल्या. सुखोमाजरीत उत्पन्नाच्या वाटणीवरून वनखात्याशी तंटे झाले, तळ्यांत गाळ साचला, संस्थेची पकड सैल झाली. काही जण यावरून असा निष्कर्ष काढतात की समन्यायी वाटप हा स्वप्नाळूपणा होता. मी उलटा निष्कर्ष काढतो. हे हक्क एका माणसाच्या आग्रहावर किंवा एका खात्याच्या मेहेरबानीवर उभे होते. त्यांच्यामागे कायदा नव्हता. माणूस गेला, खाते फिरले, की हक्क हवेत विरला. जमीनमालकाचा विहिरीवरचा हक्क मात्र कोणी साळुंखे नसतानाही शाबूत राहतो. अपयश समतेचे नव्हते. तिला कायद्याचा आधार न देणाऱ्यांचे होते.

*

याच्या उलट टोकाला काय घडते ते आपण अलीकडेच पाहिले. डिसेंबर २०१४मध्ये महाराष्ट्र शासनाने 'जलयुक्त शिवार अभियान' सुरू केले; दर वर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. कागदावर 'माथा ते पायथा' आणि 'लोकसहभाग' दोन्ही होते. प्रत्यक्षात राज्यभर नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण यांचा सपाटा लागला. पोकलेनने नाला खणला की किती घनमीटर माती काढली ते मोजता येते, बिल काढता येते, पहिल्या पावसात भरलेल्या नाल्याचे छायाचित्र घेता येते. माथ्यावरचे गवत वाढायला चार वर्षे लागतात आणि गवताचे बिल निघत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० साली विधिमंडळात आला, ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजलाची पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम झाला नाही, असे त्याने म्हटले. त्यावर राजकीय चिखलफेक झाली, चौकशी समिती झाली, सरकारे बदलली, आणि डिसेंबर २०२२मध्ये योजनेचा दुसरा टप्पा जाहीर झाला.

यावर तंत्रज्ञ म्हणतील की चूक तांत्रिक होती. माथा सोडून नाल्यात काम केले, बस. पण माथा का सोडला गेला? कारण माथ्यावरच्या माणसाला त्या आराखड्यात आवाज नव्हता. ग्रामसभेत ज्याचा शब्द चालतो त्याची विहीर नाल्याकाठी असते. पोकलेन तिकडेच जाणार. तांत्रिक चूक म्हणून जी दिसते ती सत्तेच्या उताराचीच दिशा असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सज्जनांचा: श्रमदानाने गाव एकत्र येते, जातीपाती विसरल्या जातात, आपलेपणा वाढतो, त्यात हक्काची भाषा आणून भांडणे कशाला लावता? एकत्र घाम गाळण्याचा आनंद मी स्वतः अनुभवला आहे आणि तो खोटा नाही. २०१६ ते २०१९ या वर्षांत स्पर्धेच्या निमित्ताने हजारो गावांतल्या लोकांनी उन्हाळ्यात जे काम केले त्याकडे तुच्छतेने बघणारा मी नव्हे. पण भांडण मी लावत नाही. ते उतारावर आधीच आहे. सकाळी चरात शेजारी शेजारी उभे राहणारे दोघे संध्याकाळी पाण्याच्या पाटावर शेजारी नसतात. हे भांडण झाकून ठेवण्यापेक्षा मांडले तर त्यातून नियम निघतो. सुखोमाजरीचा नियम भांडणातूनच निघाला.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा, म्हणजे माझ्याच गोतावळ्याचा: चराईबंदी ही निसर्गाची गरज आहे, तिथे तडजोड कशी करणार? उताराला विश्रांती लागते, यात शंका नाही. पण सगळा डोंगर एकदम बंद करायचा की आळीपाळीने, टप्प्याटप्प्याने, हा निर्णय निसर्गाचा नसून माणसांचा आहे. बंद केलेल्या भागातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क कोणाचा, हाही. धनगराला पिढ्यान्‌पिढ्यांचे गवताचे ज्ञान असते. कोणता उतार केव्हा पालवतो हे त्याला माझ्याहून आणि कृषी सहायकाहून जास्त कळते. त्याला गुन्हेगार ठरवून डोंगर राखता येतो, पण मग पहारेकरी कायमचा ठेवावा लागतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: हे सगळे ठीक, पण कायद्यात जागा कुठे आहे? जागा आहे, ती आपण वापरत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला लगतचे पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देते. त्याच कायद्याने चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही हाती घेतला. अधिकार हातात आल्यावर ग्रामसभा जंगल विकून खाईल ही भीती तिथे तरी खोटी ठरली. भूजलाबाबत महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. साठ मीटरहून खोल उपशावर निर्बंधाची तरतूद त्यात आहे. बोअरच्या गाड्या रात्रभर फिरताना मात्र सर्वांना दिसतात. म्हणजे डोंगरावरच्याला बंदी लागू होते ती गावाच्या ठरावाने दुसऱ्या दिवशी. पायथ्याच्या बोअरला लागू व्हायची ती कायद्याने, आणि ती होत नाही.

*

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे शहरातल्या वाचकांविषयी. आपणही पायथ्यालाच राहतो. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा यांच्या खोऱ्यांतून येते. तानसाचे धरण १८९२ सालचे. ज्या शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून हे पाणी गोळा होते, तिथल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात, ही बातमी इतकी जुनी झाली आहे की ती आता आतल्या पानावरही कशीबशी येते. आपण पालिकेला पाणीपट्टी देतो. त्यातली किती त्या उतारांच्या राखणीला जाते, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

न्यूयॉर्क शहराला तो पडला. कारण सोपे होते, हिशेब. कॅट्सकिलच्या डोंगरांतून येणारे पाणी गाळण्यासाठी शहराला अब्जावधी डॉलरांचे शुद्धीकरण केंद्र उभारावे लागणार होते. त्याऐवजी १९९७ साली शहराने वरच्या गावांशी लेखी करार केला: शेतकऱ्यांच्या गोठ्यांची आणि मलनिस्सारणाची सुधारणा शहराच्या खर्चाने, आणि जमीन घ्यायची तर स्वखुशीने विकणाऱ्याकडूनच. हे शहर काही साधुसंतांचे नव्हे. याच शहराने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच डोंगरांतली गावे उठवून तिथे जलाशय बांधले होते. पण पुढे त्याला एवढे कळले की वरच्या माणसाला बरोबर घेणे म्हणजे त्याला पैसे देणे. भागीदारी या शब्दाचा व्यापारातला अर्थ हाच आहे: भांडवल दोघांचे, तर नफाही दोघांचा. डोंगरावरच्या माणसाचे भांडवल त्याचे श्रम आणि त्याने सोडलेले कुरण. नफ्यात त्याचा वाटा किती, हे ज्या कागदावर लिहिलेले नाही, त्या कागदाला भागीदारीचा म्हणू नये.

माझी मागणी म्हणून मोठी नाही. माथ्यावरच्या कामाला मजुरी द्या. दान करायचेच असेल तर ते पायथ्याच्या विहिरवाल्याने करावे. पहिली कुदळ पडण्याआधी भूमिहीनाचा पाण्यातला आणि गवतातला वाटा ठरावात लिहा. चराईचा प्रश्न शेळ्या राखणाऱ्यांशिवाय ठरवू नका. मुरवण्याच्या आराखड्याबरोबर उपशाचा आराखडाही त्याच ग्रामसभेत मंजूर करा. आणि शहरांनी आपल्या पाणीपट्टीतला हिस्सा वरच्या गावांना हक्काने द्यावा, देणगी म्हणून नव्हे.

ते बाबा मला नंतर भेटले नाहीत. त्या सोंडेवरचे आमचे चर पुढच्या पावसात भरले, असे कळले. छायाचित्रेही आली, पाणी आरशासारखे दिसत होते. काम चांगले झाले होते. डाळिंबाच्या बागेलाही ते लाभले असणार. शेरडे कुठे नेली, ते मात्र कोणी कळवले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही कोणाला विचारले नव्हते.